मालनखाला आणि आक्काचे केस

मालनखाला दारात आली की टोपली खाली ठेवायच्या आधी समोरच्या बाईचं डोकं बघायची. तोंड नंतर. "काय गं, सोड्यानं धुतले का?" हाच तिचा रामराम. बाई पदर पुढं ओढायची, तर ही म्हणायची, "झाकून काय होतंय? पदराच्या कडेनं दिसून राह्यलं सगळं."

ती मनियारीण होती. आमचं गाव हसनाबादच्या शिवेला लागून. गावाच्या खालच्या अंगाला तिचं लहानसं मातीचं घर होतं. त्यात ती आणि तिचा मुलगा याकूब. नवरा मी जन्मायच्या आधीच वारला होता. याकूब घरात बसून चोळ्या शिवायचा आणि ही टोपली डोक्यावर घेऊन आसपासची गावं फिरायची. कधी भोकरदनपर्यंत जायची. टोपलीत बांगड्या, कुंकवाच्या डब्या, सुया-दोरे, लाकडी फण्या, शिकेकाईच्या पुड्या, आंबाड्यात बांधायची खोटी केसांची गंगावनं, आणि कापसात गुंडाळलेल्या तेलाच्या बाटल्या.

या बाटल्यांवर आम्हां पोरींचा फार डोळा. जालन्याच्या बाजारातून यायच्या. तेल हिरवंगार, आणि वर चिकटवलेल्या कागदावर एक बाई, तिचे केस पायापर्यंत. बूच काढलं की सगळी ओसरी घमघमायची. दुसरी कोणी असती तर बूच काढून फिरवलं असतं आणि सगळ्या विकून टाकल्या असत्या. मालनखाला मात्र घेणारीचा हात धरायची. तिचा एक केस बोटांत घ्यायची, थुंकीनं ओला करायची आणि हळूच ताणायची. केस रबरासारखा थोडा लांबला तर बाटली द्यायची. ताणताच तुटला तर बाटली पुन्हा कापसात. "हे केसाला न्हाई गं, नाकाला हाय. तू घरचं तिळाचं लाव."

"मंग आणतीस कशाला?" माझी माय एकदा तिला म्हणाली.

"नाक पण लोकांनाच असतंय ना, पारवती."

गावात मायला नावानं हाक मारणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांसाठी माय कोणाची तरी सून, कोणाची तरी वहिनी होती. दोघी एका वयाच्या. मालनखाला आमच्या ओसरीवर बसायची, आत यायची नाही, पाणी वरून ओंजळीत घ्यायची. त्यात कोणाला काही वाटायचं नाही. तिलाही वाटत असावं असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

माझी थोरली बहीण सुभद्रा. तिला आम्ही आक्का म्हणायचो. तिचे केस गावात नावाजलेले. न्हाऊन उन्हात बसली की बाजेवरून खाली जमिनीला टेकायचे. लग्नाचं वय झालं होतं, सांगून येत होतं, आणि त्याच पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला तेव्हा आक्का वाचली याच आनंदात आम्ही होतो. मग एक दिवस तिनं वेणी सोडली आणि मूठभर केस तिच्या हातात आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. जे राहिले त्यांत जटा झाल्या, उवा झाल्या. मायनं घाईघाईनं कपड्याचा सोडा कालवला आणि त्यानं डोकं धुतलं. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात सोडा. केस वाळले ते कडब्यासारखे. हात लावला की मोडायचे.

मालनखाला त्या आठवड्यात आली. आक्का आतून बाहेर येईना. मायनं जबरदस्तीनं आणली. मालनखालानं बघितलं. टोपली बाजूला सारली, आक्काला पुढ्यात बसवलं आणि बराच वेळ नुसते केस हातात घेऊन बसली.

माय म्हणाली, "ते हिरवं तेल दे. किती का महाग असंना."

"न्हाई."

"मंग खोबऱ्याचं दे. काहीतरी दे की."

"पारवती, ऐक," ती म्हणाली. "बाल मेलेली चीज हाय. जे मेलं त्याला कोणतंच तेल जिवंत करत न्हाई. विकणारे सांगतेत, करतंय म्हणून. झूट हाय. मुळाशी जे नवं येईल, त्याला जपायचं. बस."

"आणि हे?"

"हे कापायचे."

मायनं तिच्याकडं असं बघितलं की मी भिंतीला सरकले. बिनलग्नाच्या पोरीच्या केसाला कात्री म्हणजे आमच्यात अभद्र. माय उठून आत गेली. ओसरीवर आक्का, मालनखाला आणि मी. आक्का खाली मान घालून म्हणाली, "काप, खाला. मला हे रोज हातात येतेत, त्याचंच भ्या वाटतंय."

याकूबची चोळ्या बेतायची कात्री टोपलीत होती, धार लावायला नेलेली. तिनं तीच काढली.

त्यानंतर ती काय काय करायला लावायची ते मला अजून पाठ आहे, कारण पुढं मी माझ्या लेकींना तेच केलं. विहिरीचं पाणी बंद, डोक्यासाठी नदीचं पाणी. तेल तिळाचं, त्यात माका आणि जास्वंदीची फुलं टाकून मंद आचेवर कढवलेलं. ते नखाला सोसेल इतकंच कोमट करून लावायचं, आणि चोळायचं नाही, बोटांनी दाबायचं. शिकेकाई एकटी वापरायची नाही, ती केस कोरडे करते. तिच्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायच्या. धुतल्यावर जवस उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी टोकांना लावायचं. पुसायला जुन्या धोतराचा तुकडा, आणि तो पिळायचा नाही, नुसता टिपायचा. ओल्या केसांत फणी घालायची नाही. वाळल्यावर घालायची ती टोकांकडून वर वर यायचं. "गुंता वरून सोडवत न्हाई कोणी," ती म्हणायची. "खालून सोडव. वरचा आपोआप सुटतो."

स्वतः विंचरायला बसली की तिचं एक होतं. फणी अडली की थांबायची आणि विचारायची, "दुखलं का, बेटा?" आक्का न्हाई म्हणाली तरी थोडा वेळ थांबायची.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर मंठ्याकडचे लोक आक्काला बघायला यायचे ठरले. बरं घर होतं. मुलाची आजी येणार होती, आणि ती मुलीचे केस सोडून बघते हे आधीच कानावर आलं होतं. आक्काचे केस तेव्हा जेमतेम खांद्यांपर्यंत आलेले. नवे, मऊ, पण थोडके. मायनं मालनखालाला बोलावणं पाठवलं आणि म्हणाली, "चांगल्यातलं गंगावन दे. असं बसव की म्हातारीला कळलं नाही पाहिजे."

मालनखालानं हात टोपलीकडं नेला आणि परत घेतला. "दुसऱ्या कोणाला देते. हिला न्हाई."

"का?"

"एक दिवस बांधशील. लग्न झाल्यावर ती रोज सकाळी नवऱ्याच्या उठायच्या आधी उठून बांधीत बसंल? आणि एक दिवस गळून पडलं की त्या घरात तिला कोण विचारील?"

"तुझी पोरगी असती तर कळलं असतं तुला."

मालनखालाला एक मुलगी झाली होती आणि ती लहानपणीच गेली होती, हे मायला माहीत होतं. मायनं तोंडातून गेलेला शब्द परत घेतला नाही. मालनखालानं टोपली उचलली आणि पायऱ्या उतरली.

म्हातारी आली. केस सोडायला लावले, हातात घेऊन वजन केल्यासारखे झेलले आणि आपल्या सुनेकडं बघितलं. सगळे चहा न पिता उठले. माय त्या दिवशी आक्काशी बोलली नाही, आणि मालनखालाला निरोप गेला की आमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही.

वर्षभर ती आली नाही. गल्लीतून जायची, आमच्या दारापाशी मात्र हाक द्यायची नाही. आक्का एकटीच तेल कढवायची. माय बघायची, अडवायची नाही. कधी कधी माका संपलेला असायचा आणि सकाळी उंबऱ्याबाहेर ओल्या फडक्यात बांधलेला माका सापडायचा. कोणी ठेवला ते कोणी विचारत नव्हतं. मायच ते फडकं धुऊन वाळत घालायची.

पुढच्या वर्षी दुसरे लोक आले, तेही मंठा तालुक्यातलेच. मुलाच्या आत्यानं केस सोडायला सांगितले. आक्काचे केस अर्ध्या पाठीपर्यंत आले होते, पण पहिल्यासारखे नव्हते. आक्का कधी परक्यापुढं बोलायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "ताप आल्ता मला. सगळे गेल्ते. हे नवे आलेत, तेवढे हेत." आत्यानं केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जीव राहिला ना बाई, बस झालं." तिथंच जमलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी माय स्वतः खालच्या गल्लीत गेली. मी मागं होते. मालनखाला दारात मेथ्या निवडत बसली होती. माय उभीच राहिली. शेवटी म्हणाली, "पोरीचा आंबाडा कोण बांधणार?"

मालनखालानं सूप बाजूला ठेवलं. "मी कधी रुसले न्हाई तुझ्यावर," ती म्हणाली. "माझी टोपली रुसली होती." आणि चपला घालून आमच्या आधी चालायला लागली.

आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती उन्हाळ्यात. मला त्यातलं फार सांगवत नाही. सुईण होती, मालनखालाही ओसरीवर येऊन बसली होती. जालन्याला न्यायला गाडी जुंपली, पण आक्का गाडीत बसण्यासारखी राहिली नव्हती. बाळ आधी गेलं. संध्याकाळच्या आत आक्का गेली.

सवाष्ण गेली की तिला न्हाऊ घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, केस विंचरून कुंकू लावतात. बायका जमल्या. माझ्या चुलतीनं फणी हातात घेतली तशी माय म्हणाली, "थांब. मालनबीला आत बोलवा. पोरीच्या केसाला दुसऱ्या कोणी हात लावायचा न्हाई."

चुलती म्हणाली, "अगं, अशा वेळेला आत? आपल्यात चालतं का ते?"

माझे वडील दाराच्या बाहेर खांबाला टेकून बसले होते. ते घरातल्या बायकांच्या गोष्टीत कधी पडत नसत. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "बोलवा तिला."

मालनखाला पहिल्यांदा आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत आली. तिनं आक्काचं डोकं मांडीवर घेतलं. तेल कोमट करायला सांगितलं. चुलती पुटपुटली, आता गरम काय आणि गार काय. मालनखालानं ऐकलं नाही. तिनं नखावर थेंब घेऊन बघितला, मगच लावलं. टोकांकडून वर अशी फणी घेत आली. बाळंतपणात घामानं एके जागी मोठा गुंता झाला होता. तिथं फणी अडली तशी तिचा हात थांबला. तिचे ओठ हलले. सवयीनं ती विचारून गेली, "दुखलं का, बेटा?"

तेव्हा माय पहिल्यांदा रडली. त्याआधी ती रडलीच नव्हती.

नंतर किती तरी दिवस माय केसांना हात लावत नव्हती. मालनखाला दुपारची यायची, टोपली न घेता. मायच्या मागं बसायची आणि तेल लावायची. दोघी बोलत नसत. मला वाटायचं, आता काही तरी बोलतील. पण एक डोळे मिटून बसायची आणि दुसरी तेल जिरवायची, आणि ऊन ओसरीवरून उतरलं की मालनखाला उठून जायची. तिनं त्यानंतर हिरव्या तेलाच्या बाटल्या आणायच्या सोडून दिल्या. का, ते मी विचारलं नाही. ती आता मुलींच्या केसांबद्दल कडकही बोलत नव्हती. कोणी काही मागितलं तर देऊन टाकायची.

मग ते शेवटचं वर्ष आलं. हैदराबादचं राज्य राहतंय की जातंय, याशिवाय गावात दुसरं बोलणं नव्हतं. राज्य टिकवायला हत्यारं घेतलेल्या टोळ्या गावांत यायच्या, आमची माणसं ज्वारीच्या ताटांत लपायची. उन्हाळ्यात आम्ही घर सोडून वऱ्हाडात मामाकडं गेलो. गाय कोणाकडं ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा वडिलांनी दावं याकूबच्या हातात दिलं. आम्ही परत आलो तेव्हा गाय होती, घर होतं, कणगीतले दाणे तसेच होते. मालनखालानं अंगण सारवून ठेवलेलं होतं.

पावसाळा सरता सरता फौज आली आणि राज्य संपलं. गावात पेढे वाटले. आमच्याही घरी आले. आणि त्यानंतर ज्यांनी उन्हाळ्यात सोसलं होतं त्यांच्यातले काही आणि ज्यांनी काहीच सोसलं नव्हतं असेही काही, खालच्या गल्लीकडं निघाले.

याकूबनं कोणाचं काय केलं होतं? त्यानं गावातल्या सगळ्या बायकांच्या चोळ्या शिवल्या होत्या. त्याला शिवारात नेलं आणि तो परत आला नाही. घर पेटवलं. कोणी पेटवलं ते कोणी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मालनखाला त्या दिवशी हसनाबादच्या बाजाराला गेल्ती. परत आली तेव्हा वडील शिवेवर तिची वाट बघत उभे होते. त्यांनी तिला गल्लीकडं जाऊ दिलं नाही, सरळ आमच्या घरी आणलं. ती माजघरात भिंतीला पाठ लावून बसली. टोपली डोक्यावरून मायनंच उतरवली. ती एवढंच म्हणाली, "मला बघू द्या त्याला." दाखवण्यासारखं कोणाकडं काही नव्हतं. वडील दोन दिवस शिवारात फिरले आणि रिकामे परत आले.

ती आमच्याकडं राहिली. मग एक दिवस गावातले चार जण वडिलांकडं आले. ओसरीवर बसले, पान खाल्लं. म्हणाले, "तुमच्यावर आमचा राग न्हाई. पण तिला ठेवू नका. उद्या पोरं ऐकायची न्हाईत." वडील म्हणाले, "माझी पोरगी गेली तवा तिचं डोकं हिच्या मांडीवर होतं. मी हिला बाहेर काढू?" ते चौघं उठून गेले. पण माजघर आणि ओसरी यांच्यात एकच भिंत होती.

सकाळी आम्ही उठलो तर ती नव्हती. तिच्यासारख्या उरलेल्यांची एक गाडी पहाटेच जालन्याकडं गेली, त्यात ती बसली असं गुराख्यानं सांगितलं. टोपली आमच्याकडंच राहिली होती.

थंडीत वडील कामानं जालन्याला निघाले तेव्हा माय म्हणाली, "मी येते." ती कधी अशी निघालेली मला आठवत नाही. मलाही सोबत घेतलं. स्टेशनजवळ एका सराईत गावोगावची माणसं येऊन पडली होती. माय प्रत्येक ओळीतून बघत गेली. मालनखाला मागच्या भिंतीपाशी उन्हात बसली होती. पार वाळली होती. पुढ्यात एक पाच-सहा वर्षांची पोरगी. तिच्या डोक्याची नुसती जट झाली होती, धुळीनं माखलेली. मालनखालाकडं फणी नव्हती. ती बोटांनीच एकेक केस सुटा करून राह्यली होती.

माय तिच्याजवळ बसली. "कोणाची गं ही?"

"ठावं न्हाई. बोलत न्हाई ती."

मायनं गाठोड्यातून भाकरी काढल्या, एक पोरीच्या हातात दिली. दुसरी मालनखालाच्या हातात दिली, ती तिनं मांडीवर ठेवली.

"चल घरी," माय म्हणाली. "हिलाही घेऊ. मालकांनी गाडी आणलीय."

मालनखालानं मायकडं बघितलं. "पारवती, तुझ्या घरात मला जागा हाय. ते मला बराबर ठावं हाय," ती म्हणाली. "गावात न्हाई."

माय सरकून त्या पोरीच्या दुसऱ्या बाजूला झाली आणि तिच्या केसांत तिनंही बोटं घातली. दोघी दोन्हीकडून सोडवत राहिल्या. पोरगी भाकरी खात होती, मान हलू देत नव्हती. वडील फाटकापाशी येऊन उभे राहिले, दोन वेळा खाकरले, आणि पुन्हा बाहेर गेले.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा सराई रिकामी झाली होती. लोकांना कुठं नेलं ते कोणाला सांगता आलं नाही. कोणी म्हणालं औरंगाबादला, कोणी म्हणालं आगगाडीनं दूर. माय त्यानंतरही बरीच वर्षं जालन्याला गेलेल्या माणसाला विचारायची.

त्या पहिल्या खेपेला आम्ही निघालो तेव्हा पोरीचं अर्धं डोकं सुटायचं राहिलं होतं. ऊन भिंतीवरून वर चाललं होतं. मायनं जाते म्हटलं. मालनखालानं मान हलवली, पण बोटं केसांतून काढली नाहीत. पोरगी तिच्या गुडघ्याला टेकून झोपली होती.